आमची जमीन सुपीक नसल्याबाबत

प्रति,
मा. जमीन वापर परवानगी अधिकारी,
शेतजमिनीवरील सौर प्रकल्प कक्ष,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आमची जमीन सुपीक ठरवून सौर प्रकल्पाचा प्रस्ताव फेटाळण्यात आला, त्या निर्णयाचा फेरविचार होण्याबाबत.

संदर्भ : १) आमचा प्रस्ताव, क्र. सौर/४१७.
२) आपल्या पाहणी अधिकाऱ्यांचा अहवाल व त्यासोबतची भोपळ्याची पोचपावती.
३) माती तपासणी प्रयोगशाळेचा अहवाल.
४) आपले नकाराचे पत्र.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाने आमच्या जमिनीविषयी चांगले मत नोंदवले आहे. हा अर्ज त्या मताविरुद्ध आहे. आपल्याकडे लोक बहुधा याच्या उलट तक्रार घेऊन येत असतील, याची मला कल्पना आहे. मी जमीनधारकाची थोरली मुलगी. शहरातल्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करते. घरची कागदपत्रे मीच पाहते, त्यामुळे मूळ प्रस्तावही मीच लिहिला होता. वडिलांना या अर्जाची माहिती नाही. का नाही, ते पुढे येईल. हे सारे लिहिताना मला लाज वाटत आहे. ते इथेच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक परिच्छेदात सांगावे लागणार नाही.

२. जमीन सव्वाचार एकर आहे. गाव संपते तिथे, रस्त्याला लागून. एके काळी ती चांगली होती आणि वडिलांनी ती चांगली ठेवली होती. गेल्या काही वर्षांत विहिरीचे पाणी आधी मचूळ आणि मग खारट झाले. पाणी दिले की दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यांवर पांढरा थर दिसतो, कुणी पीठ सांडल्यासारखा. मका गुडघ्याएवढा होतो आणि टोकापासून करपत येतो. कांदा गोटीएवढा राहतो. शेजारच्या शेतांना कालव्याचे पाणी मिळते, आमचे शेत कालव्यापेक्षा उंचावर आहे. या गोष्टीत कोणाचा दोष नाही. गेल्या वर्षी सौर कंपनीचे इंजिनियर गावात आले. वीज उपकेंद्र जवळ, रस्ता लागून, सावली कुठेही नाही, म्हणून त्यांनी आमची जमीन पंचवीस वर्षांच्या भाड्याने मागितली. नियमाप्रमाणे शेतीस अयोग्य जमीनच अशा प्रकल्पाला देता येते. आमची तशीच आहे. त्यामुळे अडचण येईल असे मला किंवा माझ्या धाकट्या भावाला वाटले नाही. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “करा तुम्हाला काय करायचं ते. मी मध्ये पडत नाही.” ही आम्ही संमती समजलो. त्यानंतर वडील प्रत्येक टप्प्यावर मध्ये पडले आहेत.

३. पाहणीची तारीख आपल्या कार्यालयाने आठवडाभर आधी कळवली. ही पद्धत योग्यच आहे. पण वडिलांना ‘अधिकारी शेत पाहायला येणार’ एवढेच कळले. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस जे करतो, ते त्यांनी केले. शेतातले दगड वेचून बांधावर रचले. कुंपणाच्या झुडपांची टोके कापून एका रेषेत आणली. तणाची तर एक काडी ठेवली नाही. पांढरा थर फावड्याने खरवडून पाट्यांत भरला आणि ओढ्याच्या पलीकडे नेऊन टाकला. मग सगळ्या शेतातून कुळव फिरवला, म्हणजे खालची काळी माती वर आली. मी आदल्या संध्याकाळी पोचले तेव्हा हे सर्व झालेले होते. मी म्हटले, बाबा, आपल्याला जमीन खराब आहे असे दाखवायचे आहे. ते म्हणाले, “खराब आहे ते त्यांना दिसेलच की. म्हणून काय घाण ठेवायची? उद्या तो माणूस म्हणेल, या घरात कुणाला कामाची सवयच नाही.” आपल्या पाहणी अधिकाऱ्यांनी अहवालात ‘जमीन सपाट, स्वच्छ, मशागत उत्तम’ असे लिहिले आहे. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

४. त्याच दिवशी भोपळ्याचा प्रसंग घडला. अधिकारी निघाले तेव्हा वडिलांनी शेताच्या कडेला असलेल्या छपरातून एक पाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली. तीत वांगी, गाजरे आणि एक मोठा लाल भोपळा होता. “आपल्या शेतातलं आहे, साहेब. लेकराबाळांना न्या.” अधिकाऱ्यांनी नियम सांगून नकार दिला. वडील ऐकेनात. ते म्हणाले, “नियम काय भोपळ्याला लागू असतो का? भोपळा काही तुमचं काम करून द्या म्हणत नाही.” शेवटी अधिकाऱ्यांनी एक मार्ग काढला. फक्त भोपळा घेतला, तो ‘पिकाचा नमुना’ म्हणून नोंदवला, आणि वडिलांना सहीशिक्क्यानिशी पोचपावती दिली. हा मार्ग त्यांनी सौजन्याने काढला, याबद्दल शंका नाही. परंतु त्यामुळे भोपळा पुरावा झाला. आपल्या नकाराच्या पत्रात ‘पाहणीच्या वेळी पीक उपलब्ध असल्याचे आढळले’ हे वाक्य त्याच्याच आधारे आहे. मी जानेवारीत चौकशीसाठी आले होते तेव्हा भोपळा आपल्या कक्षातील कपाटावर, प्रस्तावाचा क्रमांक चिकटवलेल्या अवस्थेत, मी स्वतः पाहिला. कक्षातील लेखनिक म्हणाले, “ताई, तुमच्या केसचं वजन आहे ते.” ते हसले. मीही हसले. मला हसायला नको होते. ते का, हे आपल्याला दहाव्या परिच्छेदात कळेल.

५. त्याआधी मातीच्या नमुन्याबद्दल सांगणे आवश्यक आहे. नियमाप्रमाणे शेताच्या पाच वेगवेगळ्या जागांवरून माती घेऊन ती एकत्र करून पाठवायची होती. पाहणीनंतर मला त्याच दिवशी कामावर परतायचे होते, म्हणून पिशवी आणि सूचनांचा कागद वडिलांकडे दिला. त्यांनी कागद वाचला. पाचही ठिकाणे पाहिली. आणि पूर्ण पिशवी छपराजवळच्या एका कोपऱ्यातून भरली. अहवाल आल्यावर मी फोनवर विचारले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. “नमुना मागितला होता ना? नमुना म्हणजे चांगलाच द्यायचा असतो. कापडवाला काय फाटलेलं टोक दाखवतो? बाकीच्या शेतातली माती प्रयोगशाळेत पाठवायची म्हणजे चार शिकलेल्या माणसांपुढे उघडं होणं.” प्रयोगशाळेने माती ‘अत्यंत समाधानकारक’ ठरवली. त्यांनी तिच्यातील सेंद्रिय अंशाचे विशेष कौतुक केले आहे. ते कौतुक खोलीएवढ्या एका तुकड्याचे आहे. उरलेल्या जमिनीचा त्याच्याशी संबंध नाही.

६. यथावकाश आपले नकाराचे पत्र आले. ‘जमीन सुपीक असल्याने प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे.’ ते पत्र आमच्यासाठी नकार होता. वडिलांसाठी ते प्रशस्तिपत्र झाले. त्यांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि भोपळ्याच्या पावतीसह सदऱ्याच्या खिशात ठेवले. न्हाव्याच्या दुकानात वाचून दाखवले. पिठाच्या गिरणीवर दाखवले. कालव्याच्या पाण्यावर शेती करणारा आमचा शेजारी गेली काही वर्षे वडिलांकडे पाहून मान हलवत असे. त्याला तर बोलावून घेऊन दाखवले. आई मला फोनवर म्हणाली, “या माणसाला मी इतक्या वर्षांत असं चालताना पाहिलं नव्हतं. छाती पुढे काढून चालताहेत.” यापुढचे आपल्याला खरे वाटणार नाही, पण ते घडले. वडिलांनी कंपनीच्या इंजिनियरना निरोप पाठवला की जमीन एवढी चांगली असल्याचे आता सरकारनेच लेखी दिले आहे, तेव्हा भाडे वाढवून मिळावे. इंजिनियरनी मला विचारले, “तुमच्या घरात प्रस्ताव नक्की कोणाला हवा आहे?” मी त्यांना म्हटले, सगळ्यांना. आणि ते खरे आहे.

७. कारण वडिलांना प्रकल्प नको आहे असे नाही. कंपनीने दाखवण्यासाठी एक पॅनेल आमच्याकडे ठेवले आहे. वडील ते रोज जुन्या बनियनने पुसतात. त्यांनी इंजिनियरना पहिल्याच भेटीत विचारले होते, “धूळ बसली की वीज कमी येत असेल ना? मग पुसायला माणूस लागेल. रोज फिरून बघायला लागेल.” इंजिनियर म्हणाले, लागेल. तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात हे काम आहे. ते छपरातून शेतापर्यंत येतात आणि पॅनेलच्या रांगा कशा असतील ते हाताने दाखवतात, दोन रांगांमध्ये माणूस बादली घेऊन जाईल एवढी जागा सोडून. त्यांना प्रकल्प मान्य आहे. त्यांना फक्त एक शब्द मान्य नाही. संमतीपत्राच्या छापील नमुन्यात ‘माझी जमीन नापीक असून शेतीस निरुपयोगी आहे’ असे वाक्य आहे. ते मी त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा त्यांनी पेनचे टोपण काढले, लावले, परत काढले आणि म्हणाले, “चष्मा सापडत नाही.” चष्मा त्यांच्या नाकावर होता. मूळ प्रस्तावात ‘संमती मागाहून’ असा शेरा मारावा लागला, तो या कारणाने.

८. नकारानंतर भावाने आणि मी जे केले तेही नमूद करते. आम्ही दुसऱ्या पाहणीची विनंती केली आणि ती आपण मान्य केली, याबद्दल आभारी आहोत. या वेळी जमीन जशी आहे तशी दिसावी म्हणून भावाने एक ट्रॉली दगड खाणीतून आणून शेतात पसरले. भाऊ शहरात माल पोचवण्याची गाडी चालवतो, त्याला ट्रॉली मिळवणे सोपे होते. हे करताना त्याला गावातल्या दोघांनी विचारले, शेतात दगड पेरतोस का? त्याने हो म्हणून सांगितले. वडिलांनी ते दगड पाहिले आणि भावाला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटले, पोराला शेवटी शेताची कळकळ आली. “ओढ्याकडचा बांध खचला होता, दगड हवेच होते. मला सांगितलं असतंस तर मीही आलो असतो.” दुसऱ्या पाहणीला आपले अधिकारी आले तेव्हा तिथे कमरेएवढा, ओळंब्यात बांधलेला नवा बांध होता. अहवालात त्याचीही नोंद आहे : ‘मृदसंधारणाचे काम अलीकडेच केलेले आढळले.’

९. आता ज्या गोष्टीसाठी हा अर्ज वडिलांना न सांगता लिहावा लागत आहे, ती लिहिते. गेली दोन वर्षे दर आठवड्याला वडील माझ्यासाठी भाजीची पिशवी पाठवतात. आमच्या दैनिकाने वर्गणीदारांना दिलेली कापडी पिशवी आहे, ती मीच त्यांना नेऊन दिली होती. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे ते ती देतात, मी स्टँडवरून घेते. भाजी मातीने माखलेली असते, देठ ताजे असतात. मला एकटीला ती जास्त होते, म्हणून मी ऑफिसात वाटते. आमच्या पानांवर भाववाढीच्या बातम्या तपासणारे सहकारी माझ्या टेबलाशी येऊन गाजरे नेतात. मी त्यांना सांगत असे, आमच्या शेतातली आहेत. सांगताना मला बरे वाटत असे.

१०. जानेवारीत आपल्या कक्षातून निघाल्यावर मी गावाकडे जाण्यासाठी बाजाराच्या थांब्यावर बस बदलली. बसला वेळ होता. घरी न्यायला काहीतरी घ्यावे म्हणून एका भाजीवाल्या मावशींसमोर तीच पिशवी उघडली. त्यांनी पिशवी पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. “ही पिशवी ओळखते मी. त्या काकांची ना? सायकलवाल्या? दर आठवड्याला येतात. तुम्ही त्यांच्या कोण?” मी म्हटले, मुलगी. त्या म्हणाल्या, “फार पारखी माणूस. एकेक गाजर उचलून बघतात. आणि धुतलेली भाजी दिली की परत करतात. म्हणतात, मातीसकट द्या बाई, मातीसकट. मी म्हणते, काका, लोक माती काढून मागतात, तुम्ही घालून मागता.” त्या हसत होत्या. मग त्यांना आठवले, “मागे एक मोठा भोपळा नेला होता. साहेबांना द्यायचाय म्हणाले. सायकलला बांधून दिला मी. पोचला ना नीट?” मी म्हटले, पोचला. तो त्याच दिवशी सकाळी मी आपल्या कपाटावर पाहिला होता.

११. तेव्हा भोपळा आमच्या शेतातला नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणते. वांगी आणि गाजरेही नव्हती. दोन वर्षांत मी ऑफिसात जे काही वाटले त्यातले जवळजवळ काहीही नव्हते. वृत्तपत्रात काम करणाऱ्या व्यक्तीने एवढी मोठी बातमी दर आठवड्याला स्वतःच्या हाताने घरी न्यावी आणि तिला ती कळू नये, याचा खुलासा माझ्याकडे नाही. मातीमुळे फसले, एवढेच म्हणता येईल.

१२. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा वडील न्हाव्याकडे गेले होते. मी छपराजवळचा तो कोपरा पाहायला गेले, जिथून नमुन्याची माती गेली होती. तिथे पालक होता, हिरवागार, ओळीत. छपराच्या आत पाण्याचे दोन रिकामे कॅन होते, एकमेकांना दोरीने बांधलेले, सायकलच्या मागे दोन्ही बाजूंना टाकता येतील असे. मी आईला विचारले. ती आधी म्हणाली, “मला काही विचारू नकोस, मी काही पाहिलेलं नाही.” मग स्वतःच सांगितले. पहाटे लोक उठायच्या आत वडील सायकल घेऊन बसथांब्याजवळच्या सार्वजनिक नळावर जातात आणि गोडे पाणी भरून आणतात. दोन-तीन खेपा. ते पाणी फक्त त्या कोपऱ्याला देतात. तिथले सेंद्रिय अंश, ज्यांचे प्रयोगशाळेने कौतुक केले, ते घरातल्या चुलीची राख, शेजारच्या गोठ्यातले शेण आणि नळाचे पाणी यांचे आहेत. नोव्हेंबरमध्ये वडील पडले आणि त्यांच्या खांद्याला मार बसला, तेव्हा त्यांनी आम्हाला मोरीत पाय घसरला असे सांगितले होते. ते नळावरून येताना पडले होते. आई म्हणाली, “सायकल अंगावर, पाणी सगळं रस्त्यावर. मी म्हटलं, आता पुरे. तर म्हणाले, एक कोपरा तरी असू दे. पोरीला काय पाठवू?”

१३. त्यामुळे आमची मागणी आता केवळ भाड्याची राहिलेली नाही. प्रकल्प झाला तर वडिलांना पाणी वाहावे लागणार नाही. शेतात रोज जायला त्यांना एक कारण असेल आणि हातात काम असेल. प्रकल्प झाला नाही तर ते त्या कोपऱ्यासाठी पहाटे नळावर जात राहतील. त्यांचे वय बहात्तर आहे, आणि खांदा अजून पूर्ण वर जात नाही. मी त्यांना थांबवू शकते का, असे आपण विचाराल. थांबवायचे तर मला कळले आहे, हे सांगावे लागेल. ते सांगण्याचे धाडस माझ्यात नाही. माझ्या कामात कोणाविषयी काही छापण्याआधी त्याची बाजू विचारून घेण्याचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्या वार्ताहरांना मी बोलते. या एका प्रकरणात तो नियम मी मोडत आहे.

१४. इथे कोणीही लबाडी केली, असे आपण समजू नये अशी विनंती आहे. भोपळा देताना वडिलांना परवानगी अडवायची नव्हती. त्यांना रिकाम्या हाताने पाहुणा पाठवायचा नव्हता. अर्थात, कार्यालयाच्या दृष्टीने परिणाम एकच झाला, हेही मला समजते.

१५. तरी पुढीलप्रमाणे कार्यवाही व्हावी :

(अ) जुना माती अहवाल बाजूला ठेवून आपल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः पाच ठिकाणांहून नव्याने माती घ्यावी. यासाठी येत्या मंगळवारचा दिवस सोयीचा आहे. त्या दिवशी भाऊ वडिलांना डोळे तपासायला शहरात घेऊन येणार आहे. कृपया आगाऊ तारीख घरी कळवू नये. कळवल्यास काय होते ते परिच्छेद तीनमध्ये दिले आहे.

(आ) छपराजवळच्या कोपऱ्यातून माती घेऊ नये आणि तिथल्या पालकावर पाय देऊ नये.

(इ) भोपळा पुराव्यातून वगळावा. तो बाजारातला असल्याची साक्ष द्यायला भाजीवाल्या मावशी तयार होतील, पण त्यांना बोलावू नये. त्या हे वडिलांना बोलण्याच्या ओघात सांगून टाकतील.

(ई) निर्णयाची प्रत जमीनधारकाला देणे बंधनकारक आहे, हे मला माहीत आहे. तशी ती द्यावीच. परंतु या अर्जाची प्रत, किंवा त्यातील नवव्या परिच्छेदापासूनचा भाग, त्यांना देऊ नये आणि गावच्या फलकावर लावू नये. लोकांपासून कागद दडवणाऱ्या कार्यालयांविरुद्ध मी आजवर अनेक बातम्या पानावर घेतल्या आहेत. आज मीच एका कार्यालयाला कागद दडवण्याची विनंती करत आहे. या विनंतीचा कोणताही बचाव मी करू शकत नाही. ती मान्य व्हावी एवढेच म्हणते.

(उ) शेवटची मागणी शब्दांची आहे. परवानगीच्या आदेशात आणि संमतीपत्रात ‘जमीन नापीक असल्याने’ असे कारण नेहमीच्या नमुन्यात येते. आमच्या बाबतीत मातीचा तपशील कार्यालयीन टिपणीत राहू द्यावा आणि वडिलांच्या हाती जाणाऱ्या कागदावर ‘सदर जमिनीवर वर्षभर पडणारे ऊन उत्तम प्रतीचे असल्याने ती सौर प्रकल्पासाठी निवडण्यात येत आहे’ असे लिहावे. हे वाक्य मी कंपनीच्या इंजिनियरना दाखवून तपासून घेतले आहे. त्यांनी मोजमापे काढून पाहिली आणि म्हणाले, “खरं आहे, या पट्ट्यात इतकं चांगलं ऊन दुसरीकडे नाही.” कालव्याच्या पाण्यावरच्या शेजाऱ्याच्या शेतातही नाही. त्याच्या बांधावर झाडे आहेत, दुपारनंतर सावली येते. ही बाब आदेशात घेण्याची गरज नाही. ती मी वडिलांना तोंडी सांगेन.

१६. असे वाक्य असेल तर वडील सही करतील, असे मला वाटते. चष्मा त्यांच्याजवळच असतो.

आपला अमूल्य वेळ अशा कारणासाठी घेतल्याबद्दल क्षमस्व.

आपली नम्र,
(सही)
जमीनधारकाची थोरली मुलगी
दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत :
१) विहिरीच्या पाण्याची बाटली, एक. (चव घेऊन पाहिल्यास हरकत नाही.)
२) वाफ्यांवरील पांढऱ्या थराची छायाचित्रे, पाच.
३) उन्हाच्या मोजमापाचा कंपनीचा तक्ता.
४) संमतीपत्र, सुधारित वाक्यासह, सहीची जागा कोरी.
५) भोपळ्याची पोचपावती सोबत जोडता येत नाही. ती वडिलांच्या खिशात आहे.

ता. क. : अर्ज पूर्ण झाल्यावर स्टँडवर जाऊन या आठवड्याची पिशवी घेऊन आले. त्यात गाजरे, वांगी आणि वर पालकाची एक जुडी होती. अर्जातील माहिती पूर्ण असावी म्हणून नमूद करते की पालक आमच्या शेतातला आहे. या वेळी मी पिशवी ऑफिसात नेली नाही. घरी सगळे धुऊन घेतले आणि वडिलांना फोन करून भाजी चांगली होती असे कळवले. ते म्हणाले, “असणारच. जमीनच तशी आहे.”